दोरीपलीकडची सावली

समुद्रावर म्हणे सगळी माणसं सारखीच. असं म्हणणाऱ्याला एकदा आणून माझ्यासमोर उभं करा. मुंबईहून जद्द्याला, हजला जाताना, मी आठ दिवस जहाजात काढलेत आणि तेही तळात. त्या तळाला बंक क्लास म्हणत. वर केबिनवाले, खाली आम्ही.

आम्ही म्हणजे अम्मा, माझा धाकटा भाऊ आणि मी. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्यांसाठी जमिनी घेतल्या, त्यात गावाबाहेरचा आमचा तुकडाही गेला. मोबदला हातात पडला तसं अम्मानं जाहीर केलं, "हजला जायचं. जमीन सरकारनं नेली, हे पैसे दुसऱ्या कुणी न्यायच्या आत जाऊन येऊ." बाईबरोबर घरचा पुरुष लागतो म्हणून भाऊ, आणि भाऊ पडला गरीब गाय, म्हणून त्याला सांभाळायला मी. मी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत मास्तरीण होते. घरात आमची दखनी, पण मी शिकले मराठीत, शिकवते मराठीत आणि भांडते तर मराठीतच. अम्माचंही तसंच. तिचं आयुष्य गावच्या बायांबरोबर खुरपण्यात गेलं, त्यामुळं तिचा राग शेतातल्या मराठीत निघायचा.

तळात लोखंडी फळ्या, एकीवर एक. इंजिनाची धडधड, तेलाचा वास आणि त्यात दीडशे घरांची लोणची. गोडं पाणी ठरल्या वेळीच यायचं, एरवी नळाला खारं. साबण हातात फिरवून फिरवून झिजला पण फेस म्हणून आला नाही. पाण्याच्या रांगेत पहिल्या दिवशी बायकांची जुंपली. आम्हा मराठवाड्याच्या बायांना मात्र हसू येत होतं. रांग आम्हाला शिकवता का? देगलूरच्या एक चाची होत्या, मराठीत मधूनच तेलुगू बोलणाऱ्या. त्यांनी उठून सगळ्यांचे नंबर लावून दिले. दुसऱ्या दिवसापासून बिहारच्या बायासुद्धा चाचींना विचारून बादली ठेवायला लागल्या.

दोन दिवसांत खाली एक गावच वसलं. कुणाचं बोचकं कुणाच्या हद्दीत गेलं, कोण घोरतं, कुणाची सून उलट बोलते, सगळं सगळ्यांना ठाऊक. एक सोयरीकसुद्धा जमली.

वरच्या डेकवर मात्र वेगळाच दरबार होता. तिथं ताडपत्रीची सावली, वेताच्या खुर्च्या, गार वारा, आणि पुढं जाड दोरी. दोरीच्या आत केबिनवाले. आमच्या वाट्याला मागचा उघडा डेक होता. दहा वाजताच तिथलं लोखंड तव्यासारखं तापायचं. सावलीतल्या दरबारात मधली खुर्ची नांदेडकडच्या एका गुत्तेदाराच्या, म्हणजे सरकारी कंत्राटं घेणाऱ्याच्या, बायकोची. मी तिचं नाव बेगम ठेवलं होतं. मोठ्या केबिनच्या बाया तिच्या पानदानाजवळ, लहान केबिनच्या दोन खुर्च्या लांब. कुणी सलाम केला तर जवाब द्यायच्या आधी विचारायची, "केबिन का बंक?" मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "जहाज." तेव्हापासून आमचं फाटलं.

तिसऱ्या दिवशी अम्मा अंथरुणाला खिळली. घोटभर पाणी पोटात ठरेना. त्याच दिवशी तळातले एक म्हातारे वारले. जहाजावर माणूस गेलं की जमिनीची वाट बघता येत नाही. जनाज्याची नमाज झाली, कफनाला वजन बांधलं आणि त्यांना समुद्रात सोडलं. नको म्हणत असताना अम्मा माझा आधार घेऊन तिथं गेली, आणि तिनं ते बघितलं.

खाली आल्यावर तिनं माझं मनगट धरलं. "मला पाण्यात टाकू नका."

"अगं, तुला काय झालंय?"

"झालं तर म्हणून सांगते. मला माती पाहिजे. जन्मभर पाण्यासाठी वणवण केली, पण पाण्यात जाऊन पडायचं न्हाई मला."

मी भ्याले. खोटं कशाला सांगू. जहाजाच्या डॉक्टरांना ओढून आणलं. त्यांनी नाडी बघितली, डोळे बघितले. म्हणाले, "यांना खाली ठेवू नका. सावलीत, वाऱ्यावर ठेवा. पाणी पोटात ठरलं तर पोचतील. नाहीतर अवघड आहे."

"सावली कुठंय, डॉक्टरसाहेब?"

ते उठले. बॅग उचलून निघून गेले.

मी गोधडी खांद्यावर टाकली. भाऊ म्हणाला, "आपा, तिथं आपल्याला न्हाई चालत. लोक काय म्हणतील?"

"लोकांचं मी बघते. तू अम्माला धर."

मी दोरी वर उचलली, भाऊ अम्माला घेऊन वाकून आत आला, बिचारा घामानं निथळत होता. मी ताडपत्रीखाली गोधडी अंथरली.

बेगम म्हणाली, "ही जागा केबिनवाल्यांची आहे."

"छान आहे," मी म्हटलं आणि अम्माच्या डोक्याखाली उशी सरकवली.

तिनं नवऱ्याला बोलावणं धाडलं. गुत्तेदार आले, पांढरे कपडे, हातात तसबीहची माळ. माणूस तसा गोड बोलणारा. "बेटी, आजारपण आहे, कळतं मला. पण नियम असतो. उद्या सगळाच बंक क्लास वर आला तर?"

मी तोंड उघडणार तोच अम्मा बोलली. डोळे अर्धे मिटलेले, आवाज खोल गेलेला. "बहात्तरला खडीच्या कामावर मुकादम होतात न्हाई का तुम्ही?"

गुत्तेदारांनी अम्माकडं निरखून बघितलं. होतेच ते. दुष्काळात मुकादम होते. पुढं जिल्हा झाला, कचेऱ्यांची कामं निघाली आणि त्यांचे गुत्तेदारसाहेब झाले.

"तुमचं पाल होतं तिथं," अम्मा म्हणाली. "माझी पोरगी उन्हात भोवळ येऊन पडली. जरा पालात निजवते म्हणलं, तर तुम्ही म्हणलात, हजेरी कापीन. मी ऐकलं. पोरीला उन्हातच ठेवलं, वरून पदर धरून उभी राहिले. तवा ऐकलं. आता न्हाई ऐकणार. उठवायचं तर हाताला धरून उठवा."

ती पोरगी मीच. तेरा वर्षांची होते. मला त्या दिवसाचं फक्त डोक्यावरचं लुगडं आठवत होतं. पालाचं अम्मानं कधी सांगितलंच नव्हतं. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि त्याचाही मला राग आला.

गुत्तेदारांनी इकडं तिकडं बघितलं. "राहू द्या आजचा दिवस," म्हणाले.

आजचा दिवस! मी तो दिवस रोज मोडून खाल्ला. सकाळी दोरी उचलायची, अम्माला निजवायचं, चमच्याचमच्यानं मीठसाखरेचं पाणी पाजायचं. बेगमनं खुर्च्या फिरवून घेतल्या. पाच दिवस आम्ही त्यांच्या पाठी बघितल्या. चाची अम्माची खबर घ्यायला म्हणून यायच्या आणि ऊन उतरेपर्यंत बसायच्या. प्रवासाच्या चौथ्या दिवशी पाणी ठरलं. पाचव्या दिवशी अम्मानं पातळ खिचडी मागितली.

जद्दा यायच्या आदल्या दिवशी भोंगा वाजला. एहराम बांधायची हद्द आली होती. पुरुषांनी दोन बिनशिवलेल्या पांढऱ्या चादरी गुंडाळल्या, आम्ही बायांनी हजची नीयत केली. कुणी म्हणे, बघा, आता राजा कोण आणि रंक कोण ते ओळखू येत नाही. मला बरोबर येत होतं. दोरी होती तिथंच होती.

आणि एहरामात भांडण करायचं नसतं. शिवी नाही, वाद नाही. भावाला कोण आनंद! "आपा, आता तोंड बंद. हज खराब होतो."

बेगमलाही हे ठाऊक होतं. तिनंही नीयत केली होती, पण टोमणा तिच्या लेखी भांडणात मोडत नसावा. मला ऐकू जाईल असं शेजारणीला म्हणाली, "काहींना दुसऱ्याच्या जागेवर बसूनच सवाब मिळवायचा असतो." माझ्या जिभेवर असे फर्मास जवाब आले होते की विचारू नका. मी ओढणीचं टोक दातात धरलं. मग तिनं खलाशी बोलावला. तो बिचारा अदबीनं म्हणाला, "बाई, गोधडी काढावी लागेल." मी बोलले नाही. गोधडीवर जाऊन बसले. चाची आल्या, त्याही बसल्या. तळातल्या आणखी दोघी बसल्या. सगळ्या मुक्या. खलाशी आल्या वाटेनं परत गेला.

दुसऱ्या दिवशी जहाज धक्क्याला लागलं. पुकारा झाला, आधी केबिनवाले उतरतील. शिडी सावलीच्या डेकवरूनच होती. अम्मा उठून बसली. स्ट्रेचर आणलं, तिनं हातानंच नको म्हटलं. भिंत धरून उभी राहिली आणि चालायला लागली, गुत्तेदारांच्या अगदी पुढं. त्यांचा पाय उचललेला होता, तो त्यांनी मागं घेतला.

एकेक पायरी मोजत ती उतरली. चप्पल काढली, तापलेल्या जमिनीवर दोन्ही पाय टेकवले आणि माझ्याकडं बघून हसली. "पोचले. आता मेले तरी चालतंय."

"मरत न्हाईस तू!" मी ओरडले. आख्खा धक्का वळून बघायला लागला.

भाऊ धावत आला. "आपा, एहराम हाय! भांडू नको!"

"भांडून न्हाई राहिले," मी म्हटलं, "सांगून राहिले."