समुद्राचे सात दिवस आणि काकीची विहीर

आमच्या घरानं समुद्राचे सात दिवस विकत घेतले, तेव्हा मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एवढंच विचारलं, "आन् बाकीचे दिवस कुणाचे?"

आमचे हे तेव्हा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटर होते. शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर झालंय, तेव्हा एस.टी.वर औरंगाबाद लिहिलेलं असायचं. वाळूजकडं रोज नव्या शेडवर पत्रे चढत होते आणि ओव्हरटाइम मागेल त्याला मिळत होता. हातात चार पैसे खुळखुळायला लागले की माणसाला हुडकत कुणीतरी येतंच. आमच्याकडं टाय लावलेला माणूस आला. त्यानं जालना रोडवरच्या हॉटेलात आम्हाला जोडीनं जेवायला बोलावलं, आणि आइस्क्रीम वितळायच्या आत ह्यांनी सही ठोकली. रत्नागिरीकडं समुद्राच्या काठावर एक रिसॉर्ट, त्यातली एक खोली दरवर्षी सात दिवस आपली, बाकीचे दिवस दुसऱ्यांची. याला टाइमशेअर म्हणतात, असं टायवाला मला पुन्हा पुन्हा समजावत होता. मी म्हटलं, भाऊ, कळलं की! आमच्याकडं पाटाच्या पाण्याची पाळी असते, तसंच ना?

उस्मानपुऱ्यात आमची लई थट्टा झाली. शेजारीण कपडे वाळत घालता घालता ओरडायची, "काय वहिनी, समुद्र ठेवला कुठं? माळ्यावर का?" मी पण काही कमी नव्हते. म्हणायचे, "व्हय, भिजत घातलाय, उद्या वाटून डोसे करते." पण मनातून ह्यांचा राग यायचा. कुठं आपण, कुठं समुद्र!

मामंजींची सगळी हयात मेंढरांमागं गेलेली. खुलताबादच्या डोंगरापासून पैठणपर्यंत कुठल्या ओढ्याला कधीपर्यंत पाणी टिकतं, ते त्यांना तोंडपाठ. शहरात राहायला आले तरी नळ वाहता दिसला की अंगावर झुरळ पडल्यासारखे उठायचे. भाजी धुतलेलं पाणी तुळशीला, तांदूळ धुतलेलं गाईला. आमच्याकडं गाय नव्हती, तर पातेलं हातात घेऊन गल्लीत कुणाची तरी गाय शोधत हिंडायचे. पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा पटका सावरत म्हणाले, "एवढं पाणी, आन् एका मेंढराच्या कामाचं नाय." पाठ फिरवून रिसॉर्टच्या विहिरीवर जाऊन बसले.

ती विहीर काकीची. काकी म्हणजे तिथली स्वयंपाकीण, राखणदारीण, सगळंच. नवरा तिथंच कामाला होता, तो गेल्यावर कंपनीनं हिला ठेवून घेतलं. स्वयंपाकघरामागच्या दोन खोल्या, एवढंच तिचं घर. मूलबाळ नाही. विहीर डोंगर आणि समुद्र यांच्या मधोमध, कठड्यावरून समुद्र दिसायचा, पण पाणी असं गोड की चहाला साखर कमी लागते म्हणायची काकी. येणाऱ्या प्रत्येकाला ती आधी तांब्याभर पाणी द्यायची, मग खोलीची किल्ली.

एका वर्षी आमचे सात दिवस संक्रांतीच्या आसपास आले. त्याच दिवसांत विद्यापीठाच्या नावाचा निर्णय जाहीर झाला. किती वर्षांचं ते नामांतराचं भांडण! आमच्या मराठवाड्यात त्यापायी आधीच घरं जळाली होती, माणसं मेली होती. निर्णयानंतर पुन्हा जागोजाग पेटलं. रेडिओवर संचारबंदी, एस.टी. बंद. इकडं आमचे सात दिवस संपलेले आणि पुढचं कुटुंब बॅगा घेऊन दारात उभं. दोन लेकरं, म्हातारा सासरा, आणि आम्ही व्हरांड्यात ट्रंकेवर बसलेलो. जावं कुठं?

काकी आली, तिनं ट्रंकेचा एक कान धरला आणि मला म्हणाली, "बघता काय वहिनी, दुसरा कान धरा." ट्रंक तिच्या खोलीत गेली. रस्ते सुरू होईपर्यंत आम्ही तिच्या घरात राहिलो आणि ती स्वयंपाकघरात चूल विझल्यावर तिथंच अंथरूण टाकायची. आमच्या मुलखात त्या दिवसांत माणूस माणसाला पहिलं विचारायचा, तुम्ही कुणाकडचे? काकीनं विचारलं, "पोरांना भात चालतो ना हो, की भाकरीच लागते?" मी तिच्या चुलीपुढं बसून ढसाढसा रडले. अशी माया माझ्यावर माझ्या सख्ख्या माणसांनी केली नव्हती, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी कोकणपट्टीवर वादळ झालं. रिसॉर्टची कौलं उडाली, सुरूची झाडं आडवी झाली, आणि समुद्र अंगणात चढून थेट विहिरीत शिरला. काकीच्या दोन खोल्यांवर छप्पर राहिलं नाही. ती डोंगरावरच्या गावात भावाकडं जाऊन राहिली.

कंपनीनं पुण्याला सगळ्या सभासदांची बैठक बोलावली. साहेब म्हणाले, भिंती उभ्या करू, कौलं घालू, पण विहीर खारट झाली, आणि तो रस्ता टँकरचा नाही. मे महिन्याच्या हंगामापर्यंत पाणी गोड झालं तर ठीक, नाहीतर जागा विकून तुम्हाला थंड हवेच्या ठिकाणी खोल्या देऊ. लोकांना काय, आनंदच झाला. एक बाई म्हणाल्या, बरं झालं, वाळू फार चिकटायची. मी उठून विचारलं, "आणि काकी?"

साहेबांनी विचारलं, "कोण काकी?"

शेजारच्यानं त्यांना कानात सांगितलं. मग म्हणाले, "कर्मचाऱ्यांचं नियमाप्रमाणे होईल." नियमाप्रमाणे म्हणजे काय, हे कामगाराच्या बायकोला कुणी सांगावं लागत नाही. मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, विहीर आम्ही बघतो. विहिरी आम्हाला कळतात."

संक्रांत झाल्यावर आमची फौज निघाली. बिडकीनजवळ माझ्या भावाचं शेत आहे, तिथलं डिझेल इंजिन टेम्पोत चढवलं. सोबत ह्यांच्या खात्यातले दोघं, एक लेथवाला आणि एक वेल्डर. लेथवाला नामांतराच्या मोर्चात जाऊन लाठ्या खाऊन आलेला. वेल्डरचं अख्खं गाव विरोधात. दोघं ह्यांचे जिवलग, पण एकमेकांशी वर्षभर अक्षर बोलत नव्हते. एकाला पाना हवा असला की तो ह्यांना सांगायचा, हे दुसऱ्याला सांगायचे. सगळ्या वाटेनं हे मधे बसले आणि दोन्ही बाजूंनी बोलून त्यांचा घसा बसला. मामंजी पुढं ड्रायव्हरशेजारी. त्यांना घरी ठेवायची कुणाची टाप होती?

आमच्याकडं विहीर बिघडली की एकच इलाज असतो. तळ दिसेस्तोवर उपसायची, गाळ काढायचा, झरे मोकळे करायचे. मग खडकातून नवं पाणी येतं. मामंजींनी कमरेला दोर बांधून किती विहिरींत उतरून हे केलं होतं, त्याची गणती नाही. त्यांनी कठड्यावर बसून हुकूम सोडला, "हयगय करू नका. पार तळ दिसू द्या!" इंजिन धडधडायला लागलं. पाणी पाटासारखं समुद्राकडं वाहत सुटलं. पाणी असं वाया जाताना मामंजींना बघवेना, म्हणून ते समुद्राकडं तोंड करून बसले. पण विहीर काही आटेना, जेवढं काढावं तेवढं भरून येई. "झरे लई जोरात हायेत," असं म्हणून मामंजी खूश. हे पण खूश. मी कालवण करून सगळ्यांना वाढत होते आणि मनात म्हणत होते, काकी येऊन बघेल तर काय हरखेल!

वाटेनं जाणारे गावकरी थांबायचे, बघायचे आणि पुढं जायचे. त्यांना वाटलं, कंपनीची माणसं असतील, त्यांना काय सांगायचं.

काकीला भावाच्या गावी कुणीतरी निरोप दिला. ती धावतच आली, चपलासुद्धा हातात. वाहत्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि किंचाळली, "बंद करा! अहो, काय केलात हो हे!" इंजिन बंद करायला लेथवाला आणि वेल्डर दोघं एकदम धावले आणि त्यांची डोकी आपटली.

मग तिनं सांगितलं. तिकडं विहिरीत डोंगराचं गोड पाणी वर तरंगत असतं, आणि खाली खारं. वरचं उपसलं की खालून समुद्र वर चढतो. वादळानंतर वरती थोडं थोडं गोड पाणी साचायला लागलं होतं, ते आम्ही सगळं समुद्रात घालवलं आणि समुद्र विहिरीत आणला. आमचे झरे म्हणजे समुद्रच होता! काकी रडली नाही, रागावलीसुद्धा नाही. कठड्यावर बसली आणि पदरानं पाय पुसत म्हणाली, "आता काय, मेपर्यंत होतं का बघायचं." तिचं घर वाचवायला आलो होतो आणि आम्हीच बुडवलं की काय!

ह्यांची रजा होती तोवर आम्ही निदान तिच्या दोन खोल्यांवर कौलं घातली. लेथवाला वर, वेल्डर खाली. कौलं खालून वर फेकायची म्हणजे तोंड उघडावंच लागतं. "धर." "सोड." "अरे लेका, जरा हळू!" तेवढंच बोलणं, पण ह्यांचा घसा सुटला.

परत निघायच्या दिवशी टेम्पो भरला, सगळे चढले, मामंजी काही चढेनात. काठी टेकून कठड्यावर बसलेले. म्हणाले, "तुमी जा. मी हितंच ऱ्हातो. इहिरीला कुणी हात लावायचा नाय." काकी म्हणाली, "आजोबा, जा हो तुम्ही. मायेनंच केलात ना?" मामंजी म्हणाले, "मायेनं केलं म्हनून तर लई केलं."

आणि खरंच राहिले. पाण्याचा थेंब वाया जाऊ न देणारा माणूस आता भरल्या विहिरीवर राखण करत बसला, की कुणी एक घागर काढू नये. गवंडी आले तर त्यांना ओढ्याकडं पिटाळायचे. काकी डोंगराच्या झऱ्यावरून पिण्याचं पाणी आणायची आणि दोघांची भाकरी करायची, खास त्यांच्यासाठी ज्वारी मिळवून. रोज सकाळी मामंजी लोटा अलगद सोडायचे, वरचं वरचं पाणी घ्यायचे, एक घोट तोंडात धरायचे आणि थुंकायचे. आमच्या घरी फोन नव्हता. तो होता त्याच थट्टेखोर शेजारणीकडं. काकी गावातल्या बूथवरून फोन करायची, "वहिनी, आज पण थुंकले हो." होळी आली, गेली. शेजारीण भिंतीपलीकडून ओरडायची, "थुंकले गं आज पण!" तिची थट्टा कधी बंद झाली ते मला कळलंसुद्धा नाही. पुढं पुढं तर ती सकाळी माझ्याआधी फोनजवळ बसलेली असायची.

उन्हाळा लागला. मे अंगावर येत चालला. एके दिवशी शेजारणीनं मला हाताला धरून फोनपाशी ओढत नेलं. मी कानाला लावला तर पलीकडं काकीचा आवाज नव्हता. नुसतं कुणीतरी मोठ्यानं श्वास घेत होतं. जन्मात कधी फोनला न शिवलेले मामंजी, चरायला लांब गेलेल्या मेंढराला हाक मारावी तसे ओरडले, "सूनबाई! गिळलं! गिळलं गं पोरी, गिळलं!"

मी शेजारणीच्या गळ्यात पडले. दोघी वेड्यासारख्या हसत होतो आणि रडत होतो. संध्याकाळी ही बातमी लेथवाल्यानं वेल्डरला सांगितली, की वेल्डरनं लेथवाल्याला, ते मला ठाऊक नाही. पण दोघं एकाच सायकलवर पेढे घेऊन घरी आले.

मग कंपनीची माणसं बाटलीत पाणी घेऊन गेली, तपासून आली, आणि मे महिन्यात रिसॉर्ट उघडलं. काकी तिच्या दोन खोल्यांत राहिली ती राहिलीच. आमचे सात दिवस आले तेव्हा आम्ही गेलो. तिनं आधी तांब्याभर पाणी दिलं, मग किल्ली. परत येताना मामंजींना घेऊन आलो. काकी फाटकापर्यंत आली आणि त्यांच्या पाया पडायला वाकली, तर मामंजीच तिच्या पाया पडायला वाकले. कुणी कुणाचं ऐकेना. शेवटी दोघं तसेच उभे राहिले.

उस्मानपुऱ्यात रिक्षातून उतरलो तर शेजारीण दारातच. डोळ्यांत पाणी, पण जीभ ती जीभच. म्हणाली, "काय बाबा, सातच दिवस विकत घेतले होते ना? मग एवढे दिवस कुणाचे खाल्ले?"

मामंजी ओट्यावर टेकले आणि त्यांनी पटका काढून गुडघ्यावर ठेवला. "सात दिवस पोरानं इकत घेतले व्हते," ते म्हणाले. "बाकीचे त्या माउलीनं दिले."