बाई फक्त चहा घेते

आमच्या घरी चार माणसं जेवायला बसली की कोणीतरी म्हणतंच, "तिकडं थायलंडले काय झालतं, सांग नं." मग हात वाळेपर्यंत कोणी उठत नाही. प्रवास संपून गेला, किस्से काही संपत नाहीत. आणि सगळे एकाच जागेचे. नदीकाठचं उघड्यावरचं हॉटेल, वर छप्पर नाही, झाडांच्या फांद्यांना कागदी कंदील टांगलेले, आणि खालून नदी इतकी सावकाश जायची की वाहतेय की झोपलीय ते कळू नये. डोळे मिटले की मला अजून ती दिसते.

आधी माणसं सांगते. बाई म्हणजे माझी मोठी बहीण, सिंदेवाहीची, घरी धानाची शेती. देवरावभाऊजी तिचे यजमान. रूपेश त्यांचा एकुलता एक. ताडोब्याजवळच्या रिसॉर्टात स्वयंपाकी होता, तिथून थायलंडला गेला आणि नोई नावाच्या मुलीत जीव अडकवून बसला. हे हॉटेल नोईच्या आईचं, मागच्याच दोन खोल्यांत त्यांचं घर. रूपेशनं फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "आई, तू हो म्हणशीन तं लग्न करतो. नाई म्हणशीन तं वापस येतो."

झालं. आम्ही तिघं मुलगी पाहायला विमानात बसलो.

आता आमच्याकडची रीत अशी की पसंती सांगितल्याशिवाय मुलीकडचं जेवायचं नाही. चहा चालतो. जेवलात म्हणजे सोयरीक पक्की. पण इथं मुलीचं घर म्हणजेच हॉटेल!

*

पहिल्या संध्याकाळी नोईच्या आईनं टेबल भरून टाकलं. रस्सा, भाजलेला मासा, भात, केळीच्या पानात वाफवलेलं काहीतरी. बाईनं हात मांडीवर घेतले आणि म्हणाली, "मी फक्त चाय घेतो."

मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांच्या तोंडात झिंगा होता. बाईनंही पाहिलं. भाऊजींना ना गिळता येई ना थुंकता. शेवटी गिळला.

बाई शांतपणे म्हणाली, "तुमी तं लग्न लावूनच टाकलं."

त्या दिवसापासून भाऊजी बिनधास्त जेवले. त्यांच्या बाजूनं सोयरीक झालेलीच होती. आणि मी पडले मावशी, माझ्या जेवण्याला कोण विचारतो! बाई तेवढी लॉजवर जाऊन घरून आणलेला चिवडा आणि केळी खायची.

*

दुसऱ्या दिवशी बांबूच्या छोट्या टोपलीतून भात आला. गोळाच्या गोळा. तिकडं तो तसाच खातात, हातानं तोडून. भाऊजींना ते काय माहीत! जन्म धानात गेलेला माणूस. त्यांना नोईच्या आईची फार दया आली. हळूच रूपेशला म्हणाले, "तिले सांग, पाणी जास्त झालं असन. होते कधी कधी. आमच्या घरी बी होते."

रूपेशनं नोईच्या आईला काहीतरी सांगितलं. तिचा चेहरा असा उजळला की विचारू नका. धावत आत गेली आणि आणखी एक टोपली घेऊन आली.

"काय सांगितलं रे तू?"

"तुमाले लय आवडला म्हणून सांगितलं."

भाऊजींनी दोन्ही टोपल्या संपवल्या. दुसरा इलाजच नव्हता.

*

माझाही एक किस्सा आहे, तो लपवत नाही. माझी नोकरीची पहिली वर्षं भामरागडकडच्या शाळेत गेली. तिथल्या बाया मोठ्या प्रेमानं लाल मुंग्यांची चटणी पानावर आणून द्यायच्या आणि मी दर वेळी पोट बिघडल्याचं सांगायचे. त्या नदीकाठी नोईनं माझ्यापुढे एक कोशिंबीर ठेवली. आंबट, थंडगार, वर पुदिना. मी आवडीनं खाल्ली, दुसऱ्यांदा मागितली, मग विचारलं कशाची. लाल मुंग्यांच्या अंड्यांची!

बाईनं चहाचा घोट घेतला. "भामरागडले फुकट भेटत होती, तं खाल्ली नाई. विमानात बसून आली आन् खाल्ली."

*

इकडे नोईची आई बिचारी दिवसेंदिवस उतरत चालली होती. पाहुणी जेवत नाही म्हणजे आपल्याच हातात खोट, अशी तिची समजूत. रोज तिखट कमी करून पाही, मासा काढून पाही. एका संध्याकाळी तर तिनं बाईपुढे पातळ पेजेचा वाडगा ठेवला, तिकडं आजाऱ्याला देतात तसा. आणि बाईच्या कपाळाला हात लावला, ताप आहे का पाहायला.

बाई हलली नाही. नदीवरून वारा आला, कंदील हलले, तो हात तसाच कपाळावर होता. आमची आई गेल्यापासून बाईच्या कपाळाला कोणी असा हात लावला नव्हता. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

त्या रात्री लॉजवर परत जाताना मी बाईला धरलंच. "पोरगी चांगली हाये, माय चांगली हाये, मंग अडलं कुठी?"

बाई चालता चालता थांबली. मग म्हणाली, "मी हो म्हणलं का माहा पोरगा इथचाच झाला. मंग घरी कोणाची वाट पाहू?"

*

शेवटची संध्याकाळ. सकाळी आमचं विमान. रूपेशचा चेहरा पाहवत नव्हता. टेबल नेहमीसारखं भरलेलं, पण आज नोईची आईही आमच्यासोबत बसली होती आणि तीही जेवत नव्हती. ताटाकडे नुसती पाहत होती.

बाईनंच विचारलं, "रूपेश, इले काय झालं? इनं काऊन हात नाई लावला?"

रूपेशनं विचारलं. नोईची आई बोलायला लागली ती थांबेचना. नोई मान खाली घालून बसली. रूपेश पाण्याचा पेला फिरवत बसला.

"सांग नं बाबा," भाऊजी म्हणाले.

"ते म्हणते, रातभर झोप नाई येत. तुमी नोईले घेऊन जासान म्हणते. तिनं मोबाइलवर आपला जिल्हा पाह्यला. नुसते वाघच दिसले म्हणते. एवढ्या दूर पोरगी गेली तं मी कोणाची वाट पाहू, म्हणते."

बाईनं नोईच्या आईकडे पाहिलं. आठवडाभरात पहिल्यांदाच अगदी नीट पाहिलं असेल. नदीवर अंधार उतरत होता, पाण्यात कंदील लांबलचक झाले होते.

"तिले सांग," बाई म्हणाली, "मी तं समजत होती, तेच माह्या पोराले ठेवून घेऊन राह्यली."

रूपेशनं सांगितलं. नोईच्या आईनं तोंडाला पदरासारखा रुमाल लावला. हसली की रडली, कळलं नाही. बाईचंही तसंच झालं असावं, कारण तिनं मान नदीकडे फिरवली.

मग बाईनं समोरचा चहाचा कप उचलून बाजूला ठेवला. ताट पुढे ओढलं.

"रूपेश, भात वाढ," ती म्हणाली. "आधी विहीनबाईले. मंग मले."