हललेला फोटो

वर्षश्राद्धाला चार दिवस उरले, तरी भिंतीवर लावायला बायकोचा फोटो ठरत नव्हता. घरात अल्बम सात. पण कॅमेरा कायम तिच्याच हातात, त्यामुळे आम्ही सगळीकडे आणि ती कुठेच नाही. तेराव्याला आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला होता. त्यात ती कुणाचीतरी तक्रार ऐकून घेत असल्यासारखी दिसते. तो मला पुन्हा लावायचा नव्हता.

शेवटी एक सापडला. सिंहगडावर तिनं कॅमेरा दगडावर ठेवला, टायमर लावला आणि आमच्यात येऊन उभी राहायला धावली. पोचायच्या आत खटका पडला. पदर उडालेला, कॅमेऱ्याकडे वळलेला चेहरा हसरा, आणि ती सगळीच्या सगळी हललेली.

मुलीला पाठवला. खराडीच्या ऑफिसातून तिचा लगेच फोन. "बाबा, ब्लर आहे तो."

"हसतेय बघ किती."

"हसतेय, पण ब्लर आहे ना! लोक येणार आहेत घरी."

मी तीस वर्षं मुद्रितं तपासली. शब्द अडला की कोश उघडायचा, एवढंच मला येतं. कोशात अंधुक, धूसर, पुसट. अंधुक म्हणावं तर त्या दिवशी ऊन लख्ख होतं. धूसर म्हणायला धुकं नव्हतं. पुसट अक्षर होतं, माणूस कसा होईल? पूर्वी आम्ही नुसतं 'फोटो हलला' म्हणायचो, आणि कोण हललं यावरून घरात भांडायचो. आता फोटो ब्लर असतो. त्यात कुणीच हललेलं नसतं. एवढ्याशा गोष्टीवरून दिवसभर डोकं तापलेलं राहिलं.

दुसऱ्या दिवशी कर्वेनगरहून बस पकडून बुधवार पेठेत फोटोवाल्याकडे गेलो.

"काका, ब्लर आहे हा. थांबा, क्लिअर करून देतो."

दहा मिनिटांनी त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवली. पापणीचा केस न् केस दिसत होता. भुवईवरचा व्रण गेला होता, पुढचे दात एका ओळीत आले होते.

"ह्या कोण?" मी विचारलं.

"कोण म्हणजे? तुमच्या मिसेस!"

"नाहीत."

"अहो, आधी काही दिसत नव्हतं, आता दिसतंय तर म्हणता नाहीत!"

"आधी दिसत होती. आहे तसाच काढा."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "आणि उद्या फ्रेम घेऊन भांडायला कोण येणार? तुम्हीच ना?"

पावतीपुस्तक ओढून त्यानं लिहिलं, 'मूळ फोटो ब्लर. तक्रार चालणार नाही.' खाली माझी सही मागितली. मी केली.

"फ्रेम केवढी?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"तुमच्याकडे असेल ती सगळ्यात मोठी," मी म्हणालो.