जाळीखालची माती

येडशीच्या जंगलाकडेला ज्यांची शेती आहे त्यांनी कृपया हे वाचावं.

आज पहाटे लांडग्यानं आमच्या तीनपैकी दोन शेळ्या मारल्या. गोठ्याभोवतीची जाळी मी स्वतः टेपनं मोजून सहा फूट केली होती. तो खालची माती उकरून आत आला. खाली दगड पुरायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

वनरक्षकांनी पंचनामा केला. "गाभण होती का एखादी?" त्यांनी विचारलं. मी "दोन्ही" म्हणालो आणि सही केली. रडू आलं नाही.

शेजारचे तात्या म्हणाले, "शेळ्यांचा नाद सोड आता. म्हैस घे. नुसती शिंगं बघून लांडगं मागं फिरतंय."

आई म्हणाली, "आन् उन्हाळ्यात तिला पाणी काय तुमच्या घरून आणू व्हय, तात्या?"

आमच्या बोअरचं पाणी मार्चमध्येच आटतं.

उरलेली शेळी उद्या बाजारात नेतो, असं तात्या म्हणतात. आई माझ्या तोंडाकडं बघतेय. मी जाळीच्या कडेनं फूटभर चर खणून दगड भरतोय. एक बाजू झाली.

दगडांनी लांडगा खरंच थांबतो का? ज्यांनी करून पाहिलंय त्यांनीच सांगा. अंदाजानं सांगू नका, एकच शेळी उरली आहे.