टाकीचं झाकण

आमच्या नावेचं इंजिन मुळात नावेचं नव्हतंच. ते विहिरीवरचं. जुन्या गावातल्या मळ्यात विहिरीचं पाणी ओढता ओढता ते म्हातारं झालं. मग धरणाचं पाणी चढलं, मळा आणि विहीर दोन्ही बुडाली आणि आमचं उरलेलं शेत पाण्याच्या पलीकडच्या काठाला गेलं. मी पत्र्याची एक नाव करून घेतली, त्यात हे इंजिन बसवलं आणि मागे पंखा जोडला. फार चतुराई केली असं तेव्हा मला वाटलं होतं.

त्या विहिरीच्या काठावर आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या देवींचे, सात दगड होते. दर अमावास्येला आई त्यांना तेलात कालवलेला शेंदूर लावायची. दगड पाण्याखाली गेल्यावर तिचा शेंदूर इंजिनाकडे वळला. "आसराइच्या संगतीनं राह्यलं ते इतके वर्षं," असं तिचं म्हणणं. डिझेलच्या टाकीचं झाकण वाटोळं, तळहाताएवढं. शेंदूर तिथं बसायचा. थरावर थर चढून झाकण पार गुळगुळीत झालं होतं. मी शाळेत विज्ञान शिकवतो, पण यात अडवण्यासारखं मला काही दिसलं नाही.

दिवाळीनंतर इंजिन कुरकुरायला लागलं. मी एकटा असलो की नाव सरळ पलीकडे जायची. कापसाची गाठोडी किंवा पाच-सहा माणसं असली, की अर्ध्या पाण्यात त्याचा आवाज बसायचा आणि नाव रांगायला लागायची. वरवट बकालहून ओळखीचा मिस्त्री आणला. आल्या आल्या त्यानं टाकीचं झाकण उघडून डिझेल पाहिलं, मग इंजिन सुरू केलं. ते असं गरजलं की मीच खोटारडा ठरलो.

"सर, काही झालं नाई याले," तो म्हणाला.

तरी त्यानं फिल्टर बदलला. पुढच्या खेपेला नोझल साफ केलं, पंख्यात अडकलेलं शेवाळ काढलं. तिसऱ्या खेपेला मी हट्टानं नावेत वाळूची पोती भरायला लावली, तर इंजिनानं तीही काठाकाठानं दहा मिनिटं मुकाट ओढली. मला ओरडावंसं वाटलं. जाताना मिस्त्रीनं बजावलं, "डिझेलात पाण्याचा थेंब नाई गेला पाह्यजे. झाकण कसून लावत जा." मी लगेच झाकणाला नवीन रबर बसवलं आणि ते पान्याचा दांडा अडकवून आवळायला लागलो.

मग तो पौष महिन्यातला दिवस आला. मामा गेला. आईचा एकुलता एक भाऊ, तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याचं गाव आमच्या बरोबर समोर, पलीकडच्या काठाला. मामेभावाचा फोन आला तेव्हा शाळा नुकतीच सुटली होती. "आत्याले घेऊन या. दिवस मावळायच्या आत अग्नी द्या लागते. तोपर्यंत तोंड उघडं ठेवतो."

पुलावरून रस्त्यानं गेलं तर दोन तास. म्हणजे अगदी मावळतीला पोहोचलो असतो, तेही गाडी लगेच मिळाली तर. नावेनं अर्धा तास. मी म्हणालो, नावेनंच जाऊ. कुणी मला सांगितलं नव्हतं, मीच ठरवलं. काठावर आलो तर भावकीतली सात माणसं उभी होती. मयतीला निघालेल्या माणसाला खाली उतर कसं म्हणणार? सगळे बसले. आई माझ्याजवळ, टाकीला लागून बसली. ती रडत नव्हती. पदराची गाठ सोडायची आणि पुन्हा बांधायची.

काठ सोडून थोडं पुढे गेलो आणि आवाज बसला.

झाकण उघडून पाहिलं, डिझेल अर्ध्याच्या वर होतं. मग मिस्त्रीनं शिकवल्याप्रमाणे पंपाचा नट ढिला करून हवा काढली. इंजिन पुन्हा उभारी धरून पळालं. हवाच धरली होती, असं मी सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं. वाऱ्यानं लाटा उसळत होत्या, थेंब आत येत होते, म्हणून झाकण आवळून टाकलं. पाचेक मिनिटांत पुन्हा तेच. पुन्हा झाकण, पुन्हा नट, पुन्हा पाच मिनिटं; हवा काढण्यातच दर वेळी पाव तास जायला लागला. नावेत वल्हं एकच होतं, वारा तोंडावर होता. दोघांनी आळीपाळीनं वल्हं मारलं तरी भरलेला पत्रा हलेना. बांबू टाकून पाहिला, तळ लागला नाही. उतरून ढकलायला ती काही बैलगाडी नव्हती. सगळे माझ्या हातांकडे बघायला लागले. त्या बघण्यानं माझे हात आणखी चुकत होते.

पलीकडचा काठ एव्हाना दिसत होता. मामाच्या गावचं मसणवट पाण्याच्या कडेलाच आहे. तिथं उभी असलेली माणसं दिसत होती, पांढऱ्या टोप्या दिसत होत्या. सूर्य त्यांच्या डोक्यावरून खाली चालला होता. मामेभावाचा फोन आला. "कुठं आहा दादा?"

"मधात आहो. दहा मिनिट थांबा."

मी तिसऱ्यांदा झाकण उघडलं तेव्हा आई म्हणाली, "बापा, झाकण राहू दे न उघडंच. ते..."

"तुले काय समजते इंजिनातलं?" मी तिच्यावर खेकसलो. "चुप बस जराशी!"

भावकीसमोर. भावाच्या मयतीला निघालेल्या बाईवर. ती पुन्हा पदराच्या गाठीकडे वळली. मी झाकण आवळलं.

दहाची वीस मिनिटं झाली. मामेभावाचा फोन पुन्हा आला तेव्हा तो रडत होता, "दादा, लोकं थांबून नाई राह्यले." मी फोन आईकडे दिला. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "दे बाबू अग्नी. दिवस बुडाला." थोड्या वेळानं काठावरून धूर उठला. आम्ही त्या धुराकडे रांगत होतो आणि नावेला वेग देण्याचा एकही उपाय माझ्याजवळ नव्हता. इतकं हतबल मला वडील गेले तेव्हाही वाटलं नव्हतं.

आम्ही पोहोचलो तेव्हा चितेनं पुरता पेट घेतला होता. आई नावेतून उतरली, गुडघाभर पाण्यातच थांबली आणि तिथूनच तिनं हात जोडले.

तेराव्यानंतर मी मिस्त्रीला चौथ्यांदा बोलावलं. या वेळी मी त्याला काठावर कशालाच हात लावू दिला नाही, झाकणालाही नाही. आधी माणसं भरली, पाण्याच्या मध्यावर नेलं आणि मग म्हणालो, आता पहा. आवाज बसला तसं त्यानं झाकण फिरवलं. फुस्स करून हवा आत गेली. तो झाकणाकडे बघत राहिला, मग स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं शेंदराची खपली उचकटली. खाली सुईएवढं भोक होतं.

"सर, इथून हवा जाते आत. हे बुजलं तं डिझेल खाली उतरत नाई. रिकाम्या नावेले थोडकं लागते, चालून जाते. वझं पडलं की उपाशी मरते."

म्हणजे दर वेळी आम्ही काठावर झाकण उघडून डिझेल बघायचो आणि बघता बघता दुखणं पुसून टाकायचो. हवेचा दाब मी नववीला दरवर्षी शिकवतो. तेलाच्या डब्याला दोन भोकं का पाडावी लागतात, हा प्रश्न तर मी स्वतः परीक्षेत घालतो. लाज वाटली. पण त्याहून मोठी भीती आईची होती. तिच्याच हाताच्या शेंदरानं तिला भावाचं तोंड पाहू दिलं नाही, हे तिला कसं सांगायचं? मिस्त्रीला आणि नावेतल्या माणसांना गप्प राहायला सांगितलं आणि घरी येऊन म्हणालो, "डिझेलात पाणी होतं."

"हाव काय," आई म्हणाली.

पुढच्या अमावास्येला ती शेंदराची वाटी घेऊन निघाली तेव्हा मी मागे गेलो. तिनं शेंदूर नावेच्या तोंडाला, बाहेरच्या पत्र्यावर लावला. मग टाकीजवळ येऊन बसली, पदराच्या गाठीतून सुई काढली आणि झाकणाचं भोक कोरायला लागली. मिस्त्रीनं मोकळं केलेलंच भोक ती पुन्हा पुन्हा कोरत होती.

"तुले कोणं सांगितलं?" मी विचारलं.

"सांगाले काय लागते? तू झाकण उघडलं की फुस्स वाजे. डब्याले एकच भोक पाडलं की तेलही असंच अडते." तिनं मान वर केली नाही. "मीच बुजवलं न ते?"

पुन्हा डिझेलातल्या पाण्याचं सांगावं असं तोंडावर आलं होतं.

"तू सांगत होती मले," मी म्हणालो. "मीच ऐकलं नाई. मी खेकसलो तुह्यावर."

तिनं सुई पदराला पुसली आणि पुन्हा भोकात घातली.

"तुहा मामाही असाच होता," ती म्हणाली. "मी काही सांगाले गेली की खेकसेच."