बोडक्या डोक्यांची रांग

नोकरीतली कित्येक प्रकरणं विसरले. ती ओळख परेड मात्र अजून स्वस्थ बसू देत नाही.

नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. पोलीस ठाण्यातली बहुतेक माणसं बंदोबस्तावर. मी नवी फौजदार, इंग्रजी शाळेत शिकलेली, कमी बोलणारी. अशात चिकलठाण्याकडच्या एका कारखान्यात चोरी झाली, चोरट्यांनी रखवालदाराचं डोकं फोडलं. खबऱ्याने सांगितलं, त्या रात्री कारखान्यालगतच्या वावरात खतासाठी एका धनगराच्या मेंढ्या बसवल्या होत्या.

धनगराला आणलं. चौकशीत त्याचं एकच, "मेंढरं सोडून मी कुठं जाईन, साहेब?" माल सापडला नाही. सगळी भिस्त ओळख परेडवर राहिली.

परेड तुरुंगात, दंडाधिकाऱ्यांसमोर झाली. तिथे पोलिसांना थांबता येत नाही. धनगराच्या डोक्यावरच्या लाल पटक्यावरून आरोपी ओळखला जाऊ नये म्हणून दंडाधिकाऱ्यांनी रांगेतल्या सगळ्यांनाच बोडकं केलं. हेतू चांगलाच होता. नंतर आम्हाला आत बोलावलं, तेव्हा रांग अजून उभी होती. जन्मभर पटका बांधलेल्या त्या माणसाचं तोंड उन्हाने रापून काळं झालं होतं आणि भुवयांच्या वर कपाळ गोरंपान. बाकीचे शहरातले, एकाच रंगाचे. रखवालदाराने नेमका त्याच्याच खांद्यावर हात ठेवला होता.

मी निरीक्षकांना सांगितलं. ते हसले. "मॅडम, कॉन्व्हेंटात कपाळं वाचायला शिकवत होते काय?"

मी मुकुंदवाडीत रखवालदाराच्या खोलीवर गेले.

"चोराचं तोंड पाहिलं होतंत?"

"रुमाल बांधला व्हता ना, बाई."

"मग ओळखलं कसं?"

"रांगंत येगळा तोच दिसला. म्हणलं, पोलिसांनी धरलेला ह्योच असंल."

निरीक्षकांनी फेरजबाब घेऊ दिला नाही. सरकारी वकील म्हणाले, "कोर्टात काय बोलतो ते बघू." कोर्टात रखवालदार ठामपणे म्हणाला, "हाच व्हता." साक्षीदारांत माझं नावच नव्हतं. धनगराला शिक्षा झाली.

पुढे खरे चोर दुसऱ्या गुन्ह्यात सापडले आणि तो अपिलात सुटला. तोवर बायकोने कळप विकला होता. तो एका कारखान्याच्या गेटवर रखवालदार म्हणून लागला.

खोटारडा साक्षीदार उलटतपासणीत उघडा पडतो. पोलीस चुकणार नाहीत असं मानणाऱ्या साक्षीदाराचं काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नाही.

काही वर्षांनी धनगर गेटवर होता त्याच कारखान्यात चोरी झाली. भर उजेडात चोराशी त्याची झटापट झाली होती. पुन्हा परेड, या वेळी साक्षीदार तो. मी बाहेर थांबले होते. तो आला.

"मला कुणी ओळखू आलं नाय, बाई."

"नीट पाहिलंत?"

"लई नीट पाहिलं."

आमच्या माहितीप्रमाणे चोर त्याच रांगेत होता. तो सुटला. मी धनगराला दुसऱ्यांदा विचारलं नाही.