अमृताचं लग्न, कुणाकुणाच्या मोबाईलमध्ये

झाशीतल्या आमच्या मराठी मंडळाची वेबसाइट मी सांभाळते. त्यामुळे किस्से जमवायला मला कुठं जावं लागत नाही. "अगं, साइटवर जुनंच दिसतंय!" असा फोन आला की समजायचं, पडली आणखी एकाची भर. एकट्या अमृताच्या लग्नाचेच बघा ना!

आमचे सेक्रेटरी देशपांडेकाका. त्यांना वधू-वर पानावर एका मुलीपुढे 'लग्न ठरलं' असं लिहायचं होतं. लिहिलं खालच्या ओळीतल्या अमृता शिंदेपुढे! मी लगेच काढलं. पण मधल्या वेळात ज्यांनी पान उघडलं, त्यांच्या ब्राउझरनं ते जपून ठेवलं आणि पुन्हा पुन्हा तेच दाखवलं. त्यातच रविवारी अमृताला बघायला गुरसरायहून मंडळी यायची होती.

*

पहिला फोन बबीना छावणीतल्या एका फौजी वहिनींचा, थेट अमृताच्या आईला.

"अभिनंदन! जावई काय करतात?"

"तुम्हाला कळलं तर मलाही सांगा हं!"

*

अमृताचे बाबा लोको पायलट. ते गाडी घेऊन बाहेरगावी गेलेले. तिथं मोबाईल उघडला आणि घरी फोन लावला.

"मला न विचारता ठरवलंत?"

"काहीही ठरलेलं नाही. माझ्या मोबाईलमध्ये तर काही दिसत नाही!"

"माझ्यात दिसतंय ना!"

"मग तुमच्या मोबाईलमधल्या जावयाला घेऊनच या. स्वयंपाक तयार आहे!"

*

काकांच्या स्वतःच्या मोबाईलमधूनही ते जाईना. मी म्हटलं, "काका, साइटवर काही नाही. फक्त ब्राउझरमधलं जुनं पुसून टाका."

काकांचं घराणं पिढ्यान् पिढ्या ओरछा गेटजवळचं. धीर सुटला की ते हिंदीत येतात. "बेटा, हमने सब पोंछ दिया!"

बघते तर काय, साइटवरून अख्खी अमृताच गायब! तिची माहिती मी पुन्हा चढवली आणि आधी पासवर्ड बदलला.

*

आणि मग गुरसरायहून अमृताच्या घरी मुलाच्या आईचा फोन आला. "ठरलंय, तर आम्हाला बोलावलंत कशाला? हम नहीं आएँगे."

अमृताला तो मुलगा फोटोतच आवडला होता. तिच्याकडे बघवेना मला. गुरसरायच्या त्या काकूंना मी फोन करून सगळं समजावलं, पण "हमारी आँखों के सामने तो लिखा है" यापुढे त्या सरकेनात.

मुलगा कॉलेजात शिकवतो. त्यानं कॉलेजच्या कॉम्प्युटरवर पान पहिल्यांदाच उघडलं, तर तिथं काहीच नाही! "आई, विचारून तरी येऊ," म्हणत रविवारी तो आईला घेऊनच आला.

पोहे झाले. दोघं गच्चीवर जाऊन हसत खाली आली. काकूंनी अमृताची ओटी भरली, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

मी म्हटलं, "काकू, द्या तुमचा मोबाईल. ते जुनं पान पुसून टाकते."

त्यांनी मोबाईल झटकन पदराआड घेतला.

"राहू दे बिटिया. अब तो सही दिखा रहा है!"